जानेवारीची मुले

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. हिवाळ्यात गावोगावच्या रिंकवर मुलांचे साखळी सामने चालतात. या नेहमीच्या सामन्यांच्या वर आणखी एक थर असतो, निवडक संघांच्या स्पर्धांचा. नऊ-दहा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे सर्वांत वरच्या श्रेणीचे, ‘ट्रिपल ए’ म्हणून ओळखले जाणारे संघ शेकडो किलोमीटर प्रवास करून एखाद्या शहरात जमतात, तीन-चार दिवसांत पाच-सहा सामने खेळतात आणि परततात. मुलाला अशा स्पर्धांना न्यावे का, त्यातून त्याला काय मिळते आणि जे मिळते ते एवढ्या खर्चाच्या तोलाचे असते का, यावर तिथले पालक गेल्या दोन-तीन पिढ्या वाद घालत आले आहेत. वाद खेळाविषयी आहे असे म्हटले जाते. त्यात पैसा असतो, रजा असतात, स्वतःच्या मुलाविषयीची आशा असते, आणि शेजारच्या मुलाविषयीची धास्तीही असते.

अशा स्पर्धांत सर्वांत नावाजलेली स्पर्धा क्यूबेक सिटीची. आंतरराष्ट्रीय पी-वी हॉकी स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारीत, शहराच्या हिवाळी कार्निव्हलच्या दिवसांत भरते. ‘पी-वी’ म्हणजे अकरा-बारा वर्षांचा गट. ‘हॉकी कॅनडा’ या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वयोगटांची जुनी नावे काढून त्यांना आकडे दिले, स्पर्धेने आपले नाव सोडले नाही. पूर्वी ती जुन्या कोलिसे स्टेडियममध्ये होत असे, आता सेंटर व्हिडिओट्रॉन या २०१५ मध्ये उघडलेल्या भव्य बंदिस्त स्टेडियममध्ये होते. घरच्या रिंकवर ज्यांचा खेळ पाहायला आईवडील, एखादे आजोबा आणि कॉफीचे कप एवढेच असतात, ती मुले इथे हजारो अनोळखी लोकांसमोर खेळतात. गी लाफ्लूर, वेन ग्रेट्झकी, मारियो लेम्यू हे पुढे हॉकीतले दिग्गज ठरलेले तिघेही लहानपणी या स्पर्धेत खेळले. मॅनॉन रिओम १९८४ मध्ये गोली, म्हणजे गोलरक्षक, म्हणून इथे उतरली आणि या स्पर्धेत खेळणारी पहिली मुलगी ठरली. पुढे १९९२ मध्ये तिने टॅम्पा बेच्या संघाकडून एनएचएल या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगचा एक सराव सामनाही खेळला.

क्यूबेकच्या स्पर्धेची खरी खासियत मात्र स्टेडियममध्ये नाही. बाहेरगावचे अनेक संघ हॉटेलात न उतरता शहरातल्या कुटुंबांकडे राहतात. टेक्सासहून किंवा युरोपातल्या एखाद्या देशातून आलेला अकरा वर्षांचा मुलगा आठवडाभर फ्रेंच बोलणाऱ्या घरात जेवतो, झोपतो, त्या घरातल्या मुलांबरोबर बर्फात घसरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनमधल्या मुलांचा संघ इथे येऊन खेळला आणि अशाच घरांत राहिला. त्या संघाने किती सामने जिंकले हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नसावी. पालकांच्या वादात ‘स्पर्धा आयुष्यभर लक्षात राहते’ हे जे विधान हटकून येते, त्याच्या बाजूने क्यूबेकइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण हा पुरावा नेमका कशाच्या बाजूने पडतो, हे तपासून पाहायला हवे. परक्या घरातला आठवडा, वेगळी भाषा, मोठे स्टेडियम, मित्रांबरोबरचा प्रवास या गोष्टी मुलाच्या लक्षात राहतात. त्यातली कोणतीही गोष्ट मिळवण्यासाठी संघ देशातल्या पहिल्या दहांत असावा लागत नाही. क्यूबेकमध्ये निरनिराळ्या दर्जांचे गट असतात, आणि खालच्या गटातली मुलेही तोच कार्निव्हल पाहून घरी जातात.

दुसरा नमुना एडमंटनचा. तिथल्या वेस्ट एडमंटन मॉल या प्रचंड व्यापारी संकुलाच्या पोटात बर्फाची रिंक आहे. तिच्यावर १९९० पासून दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला ‘ब्रिक’ स्पर्धा भरते. नाव फर्निचरच्या एका दुकानसाखळीचे आहे. खेळणारी मुले दहा वर्षांची किंवा त्याहून लहान. वरच्या मजल्यांवरचे गिऱ्हाईक हातात पिशव्या घेऊन कठड्याला रेलून सामना पाहते, पलीकडे वॉटरपार्क आणि झोपाळ्या-पाळण्यांची जत्रा चालू असते. इथे येणारे संघ कोणत्याही गावचे नसतात. एखाद्या महानगरातली किंवा सबंध प्रांतातली त्या वर्षी जन्मलेली सर्वांत तयार मुले हेरून, चाचण्या घेऊन, कधी आधीच्या वर्षीपासून गळ घालून ते संघ उभे केले जातात. हंगाम संपला की एप्रिलपासून त्यांचे सराव सुरू होतात. ‘स्प्रिंग हॉकी’ म्हणून जो व्यवसाय उत्तर अमेरिकेत फोफावला, त्याचा मुकुटमणी म्हणजे ही स्पर्धा. त्यातले बरेच संघ आणि स्पर्धा अधिकृत संघटनेच्या चौकटीबाहेर चालतात, खाजगी शिकवण्यांसारख्या.

एनएचएलमध्ये गेलेल्या कितीतरी खेळाडूंच्या बालपणात ब्रिकचा उल्लेख सापडतो. संघ चालवणारे तो उल्लेख अर्थातच विसरू देत नाहीत. पण सबंध प्रांतातून हेरून काढलेल्या मुलांपैकी काही पुढे मोठी होतात, यात आश्चर्य ते काय? प्रश्न असा विचारायला हवा, की ती मुले त्या आठवड्यामुळे मोठी झाली का. याचे उत्तर द्यायचे तर तशाच दुसऱ्या मुलांना त्याच वर्षी घरी, तळ्याकाठी किंवा बेसबॉलच्या मैदानावर ठेवून पाहावे लागेल. असा प्रयोग कोणीही पालक आपल्या मुलावर करू देणार नाही.

स्पर्धेच्या बाजूचे पालक जे सांगतात त्यात तथ्य नसते असे नाही. गावच्या लीगमध्ये जो मुलगा हवे तेव्हा गोल करतो, त्याला आपल्यापेक्षा वेगवान मुले कधीतरी भेटायलाच हवीत. नाहीतर तो पास देणे शिकत नाही, मागे वळून बचावाला येत नाही, आणि ते अंगवळणी पडते. हरण्याची सवय होणे हाही शिक्षणाचा भाग आहे. त्याहून महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे हॉटेलचा कॉरिडॉर. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मुले तिथे हातभर लांबीच्या प्लास्टिकच्या स्टिक आणि मऊ चेंडू घेऊन गुडघ्यांवर बसून जो खेळ मांडतात, त्याला प्रशिक्षक नसतो, गुणफलक नसतो, आणि रात्री दहाला व्यवस्थापक येऊन ओरडेपर्यंत तो संपत नाही. आयोजकांना या खेळाचे पैसे मागता येत नाहीत, हे एक बरे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातले क्रीडामानसशास्त्रज्ञ ज्याँ कोते यांनी अशा मुक्त खेळाचे आणि लहानपणी अनेक खेळ खेळून पाहण्याचे महत्त्व वर्षानुवर्षे मांडले आहे. पालकांना आपण वरच्या दर्जाच्या सामन्यांसाठी पैसे मोजले असे वाटत असते, आणि मुलाच्या हाताला वळण लागत असते ते कॉरिडॉरमधल्या गालिच्यावर.

विरोधी बाजूचा सर्वांत साधा मुद्दा हिशेबाचा आहे, आणि तो घरी कागदावर मांडता येतो. संघात पंधरा स्केटर आणि दोन गोली धरले, तर एका वेळी बर्फावर पाच स्केटर असतात. पंचेचाळीस मिनिटांच्या सामन्यात सर्वांना सारखा वेळ दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटे येतात, पाच सामन्यांची मिळून ७५. त्यातही पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, स्वतःच्या स्टिकवर असण्याचा काळ सेकंदांत मोजावा लागतो. घराजवळच्या रिंकवरचे दोन चांगले सराव एवढा वेळ सहज देतात, आणि तिथे पक प्रत्येकाजवळ असतो. शिवाय वेळेचे सारखे वाटप हे गृहीतकच आहे. बाद फेरी आली की पुष्कळ प्रशिक्षक दोनच फळ्या आलटून पालटून खेळवतात, आणि तिसऱ्या फळीतली मुले बाकावर बसून टाळ्या वाजवतात. त्यांच्या आईवडिलांनी विमानाचे, हॉटेलचे, संघवर्गणीचे पैसे इतरांइतकेच भरलेले असतात. गॅलरीतली सर्वांत कडवट भांडणे इथूनच निघतात. त्यात भर म्हणजे बऱ्याच स्पर्धांचा नियम असा, की संघाने आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलांतच उतरले पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. मग चुलतभावाचे घर त्याच शहरात असले तरी उपयोग नाही.

वादात क्वचितच निघणारा, पण सर्वांत वजनदार मुद्दा जन्मतारखेचा आहे. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात येतात, आणि दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, पायांच्या ताकदीत, सूचना समजण्यात दिसण्याजोगा फरक. अल्बर्टातल्या लेथब्रिज इथे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या पत्नी एका ज्युनियर संघाचा सामना पाहायला गेले होते. कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा पत्नीच्या नजरेला खटकल्या. त्यातून १९८५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने वरच्या स्तरावरच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते हे दाखवून दिले. ढोबळमानाने पहिल्या तिमाहीतले ४० टक्के, शेवटच्या तिमाहीतले १०. निवड करणाऱ्याला आपण गुणवत्ता निवडतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात तो पुष्कळदा वय निवडतो. मग निवडलेल्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, मोठ्या स्पर्धा मिळतात, आणि तो खरोखरच पुढे जातो.

दहा वर्षांच्या मुलांची स्पर्धा जितकी निवडक, तितका हा दोष मोठा, कारण तिथे प्रांतभराच्या मुलांतून चाळणी लागलेली असते आणि चाळणीच्या तळाशी वाढीचा वेग असतो. ग्रेट्झकीचा जन्म २६ जानेवारीचा आहे हे सांगायला लोकांना आवडते. लाफ्लूर सप्टेंबरातला आणि लेम्यू ऑक्टोबरातला, हे कुणी सांगत नाही. तीन नावांनी नियम सिद्धही होत नाही आणि मोडतही नाही. पण २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी एनएचएलचे संघ दर वर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीचा अभ्यास केला, तेव्हा वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांना मिळालेल्या क्रमांकाच्या मानाने सरस कामगिरी करतात असे दिसले. म्हणजे अठराव्या वर्षीही निवडणारे त्यांना कमी लेखत होते. दहाव्या वर्षी ज्यांना घरी पाठवले जाते त्यांच्याविषयी असा अभ्यास करणे अवघड, कारण त्यांतले बरेचजण बर्फावर राहिलेलेच नसतात. ऑक्टोबरातल्या मुलाच्या पालकाने स्पर्धेला विरोध केला, तर तो द्राक्षे आंबट म्हणतो असा शेरा ऐकावा लागतो. तो बिचारा संख्याशास्त्र बोलत असतो.

पुढे जाण्याची शक्यता किती, याचाही हिशेब झालेला आहे. ऑन्टारिओतल्या जिम पार्सेल्स यांनी १९७५ साली जन्मलेल्या, त्या प्रांतात हॉकी खेळलेल्या सुमारे ३०,००० मुलांचा माग काढला. त्यांतले ३२ जण एनएचएलमध्ये निदान एक सामना खेळले. पार्सेल्स आणि पत्रकार केन कॅम्पबेल यांनी २०१३ मध्ये ‘सेलिंग द ड्रीम’ हे पुस्तक लिहून हॉकीच्या या अर्थकारणाचा पंचनामा केला. हे आकडे पालकांना ठाऊक नसतात असे नाही. ‘आम्हाला काही एनएचएल नको’ हे वाक्य प्रत्येक रिंकच्या वाहनतळावर ऐकू येते. ते बोलणारा माणूस पहाटे साडेपाचला सरावाला गाडी घेऊन आलेला असतो, आणि ते तो मनापासून बोलतो. त्याला एनएचएल नको असते, त्याला फक्त आपण दार बंद केले असे नंतर वाटायला नको असते. मराठी वाचकाला ही मनःस्थिती परकी नाही. सहावी-सातवीतल्या मुलाला आयआयटीच्या पायाभूत वर्गाला घालणारे आईबापही असेच बोलतात.

टोरांटोच्या आसपास ब्रॅम्प्टन, मिसिसागा या भागांत दक्षिण आशियाई कुटुंबांची वस्ती मोठी आहे, त्यांत मराठी घरेही आहेत. हॉकी तिथल्या पुढच्या पिढीत पोचली आहे. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’चे पंजाबी समालोचन तर २००८ पासून सुरू आहे. या घरांपुढे वादाचे आणखी एक अंग येते. ज्या बापाने स्वतः कधी स्केट पायात घातलेला नाही, त्याला कोणत्या स्पर्धेत खरोखर दम आहे आणि कोणती केवळ माहितीपत्रक चकचकीत छापते, हे ओळखता येत नाही. ऑन्टारिओतच जन्मलेल्या बापाला ते ओळखता येते असा समज आहे. तो समज तपासून पाहण्यासारखा आहे.

पैशाबद्दल एक निष्कर्ष विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. युटा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मुलांच्या संघटित खेळांवर कुटुंबे आपल्या उत्पन्नाचा किती हिस्सा खर्च करतात ते पाहिले. हिस्सा जितका मोठा, तितका आईवडिलांचा दबाव मुलांना जास्त जाणवत होता, आणि जिथे दबाव जास्त तिथे खेळण्यातला आनंद आणि पुढे खेळत राहण्याची इच्छा कमी होती. आईबाप तोंडाने काही बोलोत वा न बोलोत. परतीच्या प्रवासात गाडीत जी शांतता असते, तिचा अर्थ मागच्या सीटवरच्या मुलाला लागतो. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला तर सगळा शनिवार-रविवार रिंकच्या थंड बाकावर काढल्याबद्दल कोणी काही विचारतही नाही.

पालक किती टोकाला जाऊ शकतात याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्रेट्झकीचेच आहे. ब्रँटफर्डच्या या मुलाने दहाव्या वर्षी एका हंगामात ३७८ गोल केले आणि देशभर त्याचे नाव झाले. गावातल्या इतर पालकांना तो सगळा वेळ पक स्वतःकडेच ठेवतो असे वाटे. त्याची हुर्यो उडवण्यापर्यंत मजल गेली. शेवटी चौदाव्या वर्षी घर सोडून तो टोरांटोला राहायला गेला. त्याचे वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत काम करत आणि अंगणात पाणी ओतून रिंक तयार करत, ही कथा कॅनडात सर्वांच्या तोंडी आहे. त्या कथेतला उन्हाळ्याचा भाग मात्र सोयीस्करपणे गळतो. उन्हाळ्यात तो मुलगा लॅक्रॉस आणि बेसबॉल खेळत असे. आज त्याच वयाच्या तयारीच्या मुलाला जुलैमध्ये बर्फावर असावे लागते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या आपल्या अहवालात एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, आणि वर्षातून एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून विश्रांती द्यावी, असा सल्ला दिला. स्प्रिंग हॉकीचे वेळापत्रक या सल्ल्याच्या अगदी उलट दिशेने आखलेले असते.

संघटनांनीही हात आखडते घेतले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी संघटनेने २००९ मध्ये मुलांच्या विकासाचा नवा आराखडा आणला, आणि त्याच सुमारास बारा वर्षांखालील राष्ट्रीय अजिंक्यपद बंद केले. हॉकी कॅनडाने सर्वांत लहान मुलांना २०१७ च्या हंगामापासून अख्ख्या रिंकऐवजी तिच्या तुकड्यावर खेळायला लावले. लहान जागेत प्रत्येकाला पक जास्त मिळतो, हे त्यामागचे साधे गणित. पालकांनी दोन्ही निर्णयांवर आरडाओरड केली. २०१३ मध्ये पी-वी गटात अंगावर आदळण्याला बंदी आली तेव्हाही ‘आमची मुले मागे पडतील’ हाच आक्षेप होता. नॉर्वेने तर १९८७ मध्येच मुलांच्या क्रीडाहक्कांची सनद केली. तेरा वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथे खेळवता येत नाही. त्या छोट्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदके घेतली. अर्थात त्यांत हॉकीचे एकही नव्हते, आणि स्पर्धेचे समर्थक हे लगेच लक्षात आणून देतात. ते रास्तच आहे.

म्हणून नॉर्वेपेक्षा मिनेसोटाचे उदाहरण अधिक उपयोगी. अमेरिकेतल्या या थंड राज्यात हिवाळ्यात मुले बहुतांशी आपल्या गावच्या किंवा वस्तीच्या संघाकडूनच खेळतात, आणि मोठी झाल्यावर शाळेकडून. शाळांची राज्य स्पर्धा १९४५ पासून चालू आहे आणि तिच्या दिवसांत सबंध राज्य टीव्हीसमोर बसते. अमेरिकेच्या व्यावसायिक हॉकीला या राज्याने लोकसंख्येच्या मानाने फार मोठा वाटा पुरवला आहे. तिथेही स्पर्धा आहेत, पराभवाचे अश्रू आहेत, वसंतात खाजगी संघही निघतात. पण मुलगा हिवाळाभर ज्यांच्याबरोबर खेळतो ती मुले सोमवारी त्याच्याच वर्गात असतात, आणि दहाव्या वर्षी ठेंगणा असलेला मुलगा पंधराव्या वर्षी उंच झाला तर त्याला परत यायला जागा उरलेली असते.

खरी चाळणी लागते ती त्याच वयात. कॅनडाच्या पश्चिमेकडची मोठी ज्युनियर लीग चौदा-पंधराव्या वर्षी मुले निवडते, ऑन्टारिओची त्यानंतर वर्षभराने. तेव्हा निवडणारे त्या हंगामातला खेळ पाहतात. दहाव्या वर्षीच्या चषकाला तिथे भाव नसतो. ज्युनियर लीगमध्ये गेलेल्या खेळाडूला अमेरिकन विद्यापीठांच्या हॉकीचे दार पूर्वी बंद होत असे. तो नियम ऑगस्ट २०२५ पासून बदलला. आता एखादा मुलगा विशीपर्यंत ज्युनियरमध्ये खेळून मग विद्यापीठात जाऊ शकतो, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्यांना आणखी काही वर्षे मिळाली. वरच्या टोकाला मुदत अशी लांबत असताना खालच्या टोकाला नऊ वर्षांच्या मुलांच्या स्प्रिंग संघांच्या चाचण्या होतच आहेत, आणि आगाऊ रक्कम भरायची की नाही हे घरोघरी ठरायचे आहे.